बॅटरी स्कूटरची, चार्जर ट्रॅक्टरचा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले होते. रात्रपाळीची डॉक्टर मंडळी निघण्याच्या तयारीत होती आणि राउंड सुरू करण्याआधी मी अपघात विभागात डोकावलो होतो. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ बाकावर बसले होते. डोळ्यांवर ओला पंचा, कपाळावर जखम, आणि अंगातल्या बनियनला समोरून बारीक बारीक भोके पडू लागलेली. शेजारी त्यांची पत्नी, हातात पाण्याची बाटली. मला पाहताच ती म्हणाली, "साहेब, घरापासून इथपर्यंत पाणीच मारत आणलंय त्यांना. थांबले नाही."

या एका वाक्याने माझा अर्धा जीव खाली आला. कारण काय झाले असावे याचा अंदाज बनियनवरूनच आला होता. कापडाला अशी चाळणी करणारे घरातले द्रव फार थोडे, आणि बॅटरीतले ॲसिड हे त्यातले एक.

हकिकत साधी होती. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याची स्कूटर दोन-अडीच महिने ओसरीत उभी. गणपतीला तो येणार म्हणून काकांनी गाडी पुसून काढली, तर सेल्फ लागेना. किक मारून मारून पाय दुखला. मग त्यांनी बॅटरी काढली आणि गोठ्याशेजारच्या खोलीत ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी ठेवलेला जो मोठा चार्जर होता, त्याला रात्री नऊला लावून दिली. "दोन्ही बाराच्याच की हो बॅटऱ्या," हे त्यांचे म्हणणे. सकाळी पाहिले तर बॅटरी गरम, बाजूने फुगलेली. घाईघाईत बटण बंद न करता त्यांनी चिमटा ओढला. ठिणगी पडली आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला.

दोन्ही बॅटऱ्या बाराच्या, हे खरेच होते. पण स्कूटरच्या त्या बॅटरीची क्षमता ४ एएच होती आणि तो चार्जर दहा अँपिअर देणारा. आम्ही डॉक्टर लोक मुलाला आणि मोठ्या माणसाला ताप एकच असला तरी औषधाची मात्रा वजनावरून ठरवतो. इथे वजन पाहायचे राहून गेले होते.

आरोग्याच्या सदरात गाडीच्या चार्जरचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. मलाही काही वर्षांपूर्वी वाटले असते. २०२० च्या टाळेबंदीत माझी स्वतःची गाडी रुग्णालयाच्या आवारात फारशी न हलता उभी होती, कारण मी राहतच होतो तिथे. ती सुरू होईना तेव्हा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने एक जुना चार्जर आणून दिला. मीही बटण बंद न करताच चिमटा काढला होता. ठिणगी मीही पाहिली. माझ्या बाबतीत काही झाले नाही, एवढाच फरक. तेव्हापासून या विषयाकडे मी जरा लक्ष देऊन पाहू लागलो, आणि अपघात विभागात येणाऱ्यांना "चार्जर कोणता होता?" हे विचारू लागलो. बहुतेकांना सांगता येत नाही.

पूर्वी बॅटरी उतरली की ती काढून बाजारातल्या बॅटरीवाल्याकडे द्यायची, संध्याकाळी आणायची, अशी पद्धत होती. आता चार्जर ऑनलाइन मिळतात, घरात दोन-तीन प्रकारची वाहने असतात, आणि एकच चार्जर सगळ्यांना चालावा अशी अपेक्षा असते. या अपेक्षेमागे मला वाटते मोबाइलची सवय आहे. मोबाइलला घरातला कुठलाही, कितीही मोठा चार्जर लावला तरी चालतो, कारण किती वीज घ्यायची हे मोबाइलच्या आतले सर्किट ठरवते. स्कूटर, मोटार वा ट्रॅक्टरच्या शिसे-ॲसिड बॅटरीत असे कोणतेही सर्किट नसते. त्यात शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेले गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, एवढेच असते. बाहेरून जे ढकलले जाईल ते ती सोसते. सोसवेनासे झाले की आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू सुटू लागतात.

म्हणून चार्जर घेण्याआधी बॅटरीवरचा कागद वाचावा. दोन आकडे हवेत. पहिला व्होल्ट. आजच्या जवळजवळ सगळ्या दुचाकी, मोटारी आणि बहुतेक ट्रॅक्टरांत तो १२ असतो. काही जुन्या येझदी, राजदूतसारख्या गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असे. हौसेने अशी गाडी सांभाळणारे वाचक असतील तर त्यांनी चार्जरचे बटण सहावर आहे ना, हे दोनदा पाहावे. ट्रक आणि बसमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात.

दुसरा आकडा एएच, म्हणजे अँपिअर-अवर. ही बॅटरीची साठवणक्षमता. स्कूटर आणि लहान मोटारसायकलींत ती साधारण ३ ते ५ असते. बुलेटसारख्या गाडीत ८ ते १४. छोट्या पेट्रोल मोटारीत ३५ च्या आसपास, डिझेल मोटारीत ६० ते ७०, ट्रॅक्टरमध्ये ७५ ते १०० वा थोडी जास्त. घरी सावकाश चार्ज करायचे असेल तर या आकड्याचा दहावा भाग हा चार्जरच्या अँपिअरचा जुना आणि सुरक्षित हिशोब आहे. म्हणजे ४ एएचच्या स्कूटरला ०.४ अँपिअर, ३५ एएचच्या मोटारीला साडेतीन, ६५ एएचला साडेसहा आणि ट्रॅक्टरला आठ ते दहा. दुचाकीच्या अनेक बॅटऱ्यांवर किती अँपिअरने किती तास चार्ज करावे हे छापलेलेच असते. ते छापलेले आपल्या गृहीतकापेक्षा खरे मानावे.

काकांच्या बाबतीत ०.४ च्या जागी दहा अँपिअरचा चार्जर होता. पंचवीसपट. तोही रात्रभर.

लहान चार्जर मोठ्या बॅटरीला लावला तर धोका नाही, फक्त वेळ लागतो. एक अँपिअरच्या चार्जरने मोटारीची पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दोन दिवसही लागू शकतात. मोठा चार्जर लहान बॅटरीला लावला तर अपघात होतो. एकच चार्जर घ्यायचा असेल तर लहानाच्या बाजूने चुकावे, हे म्हणूनच. त्याहून बरे म्हणजे स्कूटर आणि मोटार अशा दोन वेगळ्या पातळ्यांवर चालवता येणारा चार्जर, ज्यावर एक अँपिअरच्या आतबाहेरची आणि चार-पाच अँपिअरची अशी दोन बटणे असतात. ट्रॅक्टर घरी असेल तर त्याला वेगळाच चार्जर ठेवावा आणि त्यावर ठळक अक्षरात "फक्त ट्रॅक्टर" लिहून ठेवावे. लिहिलेले नसेल तर घरातले पुढचे कोणीतरी तो स्कूटरला लावणार.

तिसरी गोष्ट बॅटरीवर लिहिलेली नसते, ती चार्जरमध्ये पाहायची: भरल्यावर तो आपोआप मागे सरतो का? बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्टचा. त्यामुळे पूर्ण भरलेली आणि काही तास शांत ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. भरताना मात्र तिला १४.४ व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात, आणि भरल्यावर ते उतरवून साडेतेरा-पावणेचौदावर आणावे लागतात. चांगला चार्जर हे टप्पे स्वतः पाळतो. बाजारात त्याला स्मार्ट किंवा ऑटो-कट चार्जर म्हणतात.

गल्लीतल्या दुकानात बनवलेल्या पत्र्याच्या पेटीत बहुधा एक ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि काट्याचा मीटर एवढेच असते. अनुभवी बॅटरीवाल्याच्या हातात ही पेटी चांगले काम करते, कारण तो दर तासाला येऊन काटा बघतो, हात लावून बॅटरी किती गरम आहे ते पाहतो. आपण ती लावतो आणि झोपतो. शिवाय अशा पेटीतून बाहेर येणारा दाब आत येणाऱ्या विजेवर अवलंबून असतो. ज्या गावांत संध्याकाळी दिवे मिणमिणतात आणि मध्यरात्रीनंतर, सगळीकडचा वापर थांबला की, पंखा भिरभिरू लागतो, तिथे हीच पेटी रात्री दोन वाजता बॅटरीला संध्याकाळपेक्षा बराच जास्त दाब देत असते. पाहणारे कोणी जागे नसते.

स्मार्ट चार्जरच्याही दोन तक्रारी कानावर येतात. एक, "नवा चार्जर बिघडलेला आहे, चालूच होत नाही." बॅटरी अगदी तळाला गेलेली असली तर अनेक स्मार्ट चार्जर तिला ओळखतच नाहीत आणि सुरू होत नाहीत. तो बिघाड नव्हे, सावधगिरी आहे. अशी बॅटरी घरी खटपट न करता बॅटरीवाल्याला दाखवावी. दोन, "रात्रभर लावला, तरी साडेदहाच्या वर जात नाही." १२.६ मधून एका कप्प्याचे २.१ वजा करा, साडेदहा उरतात. एक कप्पा निकामी झाला आहे. ही बॅटरी कुठल्याच चार्जरने बरी होणार नाही. उलट उरलेले पाच कप्पे जास्तीचा भार घेऊन वायू सोडत राहतील. मेलेली बॅटरी जिवंत करण्याच्या जाहिराती मी पाहिल्या आहेत. आमच्याकडे तशाच जाहिराती गुडघ्यांसाठी असतात.

मोटारीत इंजिन थांबल्यावर आपोआप बंद-चालू होणारी नवी सोय असेल तर बॅटरी बहुधा एजीएम किंवा ईएफबी जातीची असते. चार्जरवर त्या जातीची निवड आहे का ते पाहावे, आणि काळा चिमटा बॅटरीच्या पोलवर न लावता गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या लोखंडी जागी लावावा. गाडीची बॅटरी मोजणारा सेन्सर त्या पोलवर बसवलेला असतो.

मुळात उभी गाडी उतरते का? आजच्या मोटारीत कुलूप लावल्यावरही घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, अलार्म असे काही ना काही जागे असते. समजा ते सगळे मिळून ५० मिलिअँपिअर घेतात. दिवसाला १.२ एएच झाले, महिन्याला ३६. छोट्या मोटारीची बॅटरी ३५ ची. सुट्टीवर महिनाभर गेलेल्यांची गाडी का रुसते, याचे उत्तर या गुणाकारात आहे. अशा गाडीला दर पंधरवड्याला अर्धा-पाऊण तास फिरवून आणले तर चार्जरची गरजही क्वचित पडते. जागेवर उभे करून पाच मिनिटे इंजिन घरघरवल्याने फारसे काही होत नाही. स्टार्टरने घेतलेलेही त्यात भरून निघेलच असे नाही.

घरातल्या इन्व्हर्टरबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण तो प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे. इन्व्हर्टरही एक चार्जरच असतो. पण तो दीडशे एएचच्या अवाढव्य बॅटरीसाठी, दहा-पंधरा अँपिअर देणारा. त्याच्या तारा काढून स्कूटरच्या बॅटरीला जोडणे म्हणजे ट्रॅक्टरच्या चार्जरचीच दुसरी आवृत्ती.

आता त्या वायूकडे वळतो. हायड्रोजन हवेत चार टक्के मिसळला तरी पेट घेऊ शकतो, आणि पेटायला अगदी लहान ठिणगी पुरते. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोली, जिन्याखालची कोंदट जागा, पलंगाखालची मोकळी जागा, ही बॅटरी चार्जिंगला लावण्याची ठिकाणे नाहीत. व्हरांडा, उघड्या दाराचे गॅरेज, छपराखालची वाहती हवा चालेल. जवळ देवघर, गॅसची शेगडी, विडी-सिगारेट नको. आणि ठिणगीचा प्रश्न क्रमाने सुटतो. चार्जरचे बटण बंद असताना आधी लाल चिमटा, मग काळा. दोन्ही घट्ट बसल्यावरच बटण चालू. काढताना आधी बटण बंद, मग काळा, मग लाल. काकांनी एवढे एक बटण दाबले असते तर फुगलेल्या बॅटरीचे नुकसान तेवढे झाले असते, डोळ्यापर्यंत गोष्ट गेली नसती.

बॅटरी गाडीतून काढायची असेल तर काळी तार आधी सोडवावी. गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा काळ्या तारेला जोडलेला असतो. लाल आधी सोडवायला गेलात आणि पाना सांगाड्याला टेकला, की सरळ शॉर्ट. बारा व्होल्टने शॉक लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मोटारीची बॅटरी क्षणभरात काहीशे अँपिअर सोडू शकते. बोटातली अंगठी आणि पाना यांच्यामधून तो प्रवाह गेला तर सोने लाल होते. बोटाभोवती गोल भाजलेले असे रुग्ण सर्जरीच्या सहकाऱ्यांनी मला दाखवले आहेत. एकाची अंगठी कापून काढावी लागली. कामाआधी अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवायला अर्धे मिनिट लागते.

शॉक लागतो तो चार्जरच्या दुसऱ्या टोकाला, जिथे २३० व्होल्ट असतात. स्वस्त चार्जरमध्ये आतले विद्युतरोधन खराब झाले तर चिमटासुद्धा जिवंत होऊ शकतो. तीन पिनांचा प्लग, खरोखर अर्थिंग असलेला पॉइंट, आणि घरात ईएलसीबी बसवलेला असणे, ही त्यावरची उपाययोजना. ओल्या ओसरीत, अनवाणी, एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर टाकून चार्जिंग करणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की आमच्याकडे विजेच्या धक्क्याचे रुग्ण पावसाळ्यात जास्त येतात.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा चार्जर हा वेगळा विषय आहे, आणि तिथला नियम कडक आहे: गाडीसोबत आलेला चार्जर, किंवा त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला. तिसरा नाही. लोकांना हे कंपनीचे दुकान चालवण्याचे निमित्त वाटते. पण आकडे पाहा. ई-स्कूटरवर "४८ व्होल्ट" लिहिलेले असते. जुन्या धाटणीच्या गाडीत या ४८ चा अर्थ बारा-बाराच्या चार शिसे-ॲसिड बॅटऱ्या, ज्यांचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो. दुसऱ्या गाडीत ४८ म्हणजे लिथियमचे तेरा सेल, प्रत्येकी जास्तीत जास्त ४.२ व्होल्टचे. म्हणजे ही बॅटरी ५४.६ व्होल्टला काठोकाठ भरते. तिसऱ्या गाडीत लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीचे सोळा सेल, ज्यांची मर्यादा ५८.४. तिन्हींवर लेबल एकच, काही वेळा प्लगही एकच. पहिलीचा चार्जर दुसरीला लावला तर प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्टचा दाब येतो. बॅटरीतले नियंत्रक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते अशा वेळी वीज तोडते. तोडायला हवे. चांगल्या बॅटरीत तोडतेही. स्वस्त किंवा उघडून दुरुस्त केलेल्या बॅटरीत ते असेल आणि चालेल, यावर घर अवलंबून ठेवणे मला पटत नाही.

लिथियम सेल अति तापला की त्याच्या आतच उष्णता वाढवणारी रासायनिक साखळी सुरू होते. एक सेल शेजारच्याला तापवतो. त्या आगीला बाहेरच्या हवेवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून ती विझल्यासारखी होऊन पुन्हा पेटते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला खाली ई-बाइकचे दुकान असलेल्या हॉटेलात आग लागून आठ जण गेले. तिथे वरच्या मजल्यांवर धूर पोचला होता. त्या वर्षातल्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले आणि १ डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यामुळे नव्या गाड्या बऱ्याच सुधारल्या आहेत. पण मानक गाडीला लागते. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या चार्जरला आणि जुन्या, हातोहात विकल्या गेलेल्या बॅटरीला ते घरी येऊन तपासत नाही.

त्यामुळे काढता येणारी बॅटरी झोपायच्या खोलीत, गादीवर, सोफ्यावर चार्ज करू नये. गाडी उन्हातून आली असेल तर अर्धा-एक तास थंड होऊ द्यावी. पडलेली, पुरात बुडालेली, फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावूच नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे, जे सांगितल्यावर लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतात: चार्जिंगची जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर नको. चाळीत, जुन्या इमारतींत ई-स्कूटर नेमकी जिन्याखाली लावतात, कारण तिथे पॉइंट असतो. तीच सगळ्या मजल्यांची एकमेव वाट असते.

विजेवरची मोटार असेल तर चार्जर गाडीतच बसवलेला असतो, त्यामुळे निवड चार्जरची कमी आणि पॉइंटची जास्त. सोबत येणारी ३.३ किलोवॅटची केबल सुमारे १४ अँपिअर ओढते. गीझरही जवळपास तेवढेच ओढतो, मग फरक काय? गीझर पंधरा मिनिटे चालतो, मोटार आठ-दहा तास. जुनी तार आणि सैल सॉकेट पंधरा मिनिटांत तापत नाही, आठ तासांत वितळते. या गाडीला मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी आणि १६ अँपिअरचा चांगला सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. गंमत अशी, की बऱ्याच विजेच्या मोटारींतही एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हू की चू करत नाही.

एवढे करूनही अपघात झालाच, तर पहिली दहा मिनिटे तुमची, डॉक्टरांची नाहीत. बॅटरीचे पाणी डोळ्यात उडाले तर नळाखाली, मगने, बाटलीने, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे डोळा धुवावा. पापण्या बोटांनी उघड्या धरून. डोळा मिटलेला असेल तर पाणी फक्त गालावरून वाहते. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढावी. ॲसिड मारायला म्हणून खायचा सोडा डोळ्यात घालू नये. दूध, तूप, गुलाबपाणी तर नाहीच. चोळू नये. आणि धुणे अर्धवट सोडून गाडी शोधायला धावू नये. आधी पाणी, मग रुग्णालय, आणि वाटेतही पाणी. आमच्याकडे आल्यावर आम्ही तेच करतो, सलाइनने, लिटमस कागदाचा रंग सामान्य दिसेपर्यंत. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यात जाते तेव्हाही हाच उपचार, आणि चुना तर ॲसिडपेक्षा खोल शिरतो.

अंगावर उडाले तर कपडे काढून पाणी. भाजले तर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. जखमेवर लावलेले ते सगळे नंतर आम्हाला खरवडून काढावे लागते, आणि ते दुखते. लिथियम बॅटरीतून फुसफुस आवाज, गोडसर रासायनिक वास किंवा धूर आला तर ती उचलून बाहेर टाकण्याचे शौर्य करू नये. सगळ्यांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे, १०१ ला फोन करावा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात. छातीत गेलेल्या धुराचा परिणाम काही वेळा काही तासांनी दिसतो. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणणाऱ्यालाही १०८ ने रुग्णालयात आणावे आणि आम्ही थांबवून घेतले तर थांबावे.

पोलवर जी पांढरी-निळसर भुकटी साचते, तिच्यात शिशाचे क्षार असतात. ती फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, फडके टाकून द्यावे, हात साबणाने धुवावेत. घरात रांगते मूल असेल तर हे जास्तच पाळावे. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते आणि ते हळूहळू, काही न दाखवता.

काकांचा उजवा डोळा तीन आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत झाला. डाव्यात बुबुळावर एक फिकट डाग राहिला आहे, पण पेपर वाचता येतो. डोळ्यांच्या विभागातल्या सहकारी मॅडमचे म्हणणे, पाणी थांबले असते तर हे सांगता आले नसते. मावशींना कोणी शिकवले होते, असे मी विचारले. म्हणाल्या, "शेतात फवारणी करताना औषध उडालं की पाणीच मारतो ना आम्ही."

शेवटच्या तपासणीला मुलगाही सोबत आला होता. जाताना त्याने संकोचून विचारले, "सर, मग स्कूटरसाठी नेमका कोणता घेऊ?" समोर केसपेपर होता. त्याच्या मागच्या बाजूला मी लिहून दिले: १२ व्होल्ट, अर्धा ते एक अँपिअर, ऑटो-कट, आयएसआय खुणेचा तीन पिनांचा प्लग. आणि खाली, सवयीने, सही केली.